मस्कतच्या घराला मागचं दार

मला लोक घर बघायला नेतात. आमच्यात पोरगी पसंत पडली आणि बोलणं पुढे सरकलं, की पोरीकडची माणसं पोराचं घर बघून येतात. जातात ते बहुतेक बाप्येच. ओटीवर मांडी ठोकून बसतात, बैल किती, भात किती झालं, विहीर कधी आटते असं काहीबाही विचारतात, चहा पितात आणि परत येऊन सांगतात, घर झकास आहे. बाप्यांना घर दिसतच नाही, त्यांना छप्पर दिसतं. म्हणून डोळखांबच्या अंगाला पोरींच्या आया आपल्या नवऱ्यांना बजावतात, त्या ठमीला बरोबर न्या.

ती ठमी म्हणजे मी. मी ओटीवर बसत नाही, सरळ आत जाते. हंडे भरलेले आहेत का, ते कोण भरतं, थोरली सून माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघते की सासूकडे, हे सगळं बघून घेते. शेवटी मागचं दार बघते. मागच्या दाराला कुलूप असलं, नाहीतर आडवी पेटी लावून ते बंद केलेलं असलं, की मी बाहेर येऊन मान हलवते. मग मुलगा मास्तर असो की तलाठी, मला त्याचं सोयरसुतक नसतं.

लोक मागून म्हणतात, जी स्वतः नांदली नाही ती दुसऱ्यांची घरं बघते. म्हणू देत. पाणी किती खोल आहे ते बुडालेल्यालाच विचारावं लागतं. माझं लग्न किन्हवलीकडे झालं होतं. नवरा शिकलेला, बोलायला गूळ, आणि दार लावलं की हाताला येईल त्यानं मारणारा. पुढच्या दारात तो उभा राहायचा. मागचं दार होतं म्हणून मी वाचले. त्या दारानं निघायचं आणि केळीतून पलीकडे धोंडूबाईच्या चुलीपाशी जाऊन बसायचं. धोंडूबाई एका शब्दानं काही विचारायची नाही. तो मागोमाग आला तर हातातलं उलथणं वर करून म्हणायची, "ही माझी चूल हाय. पाय टाकशील तर भाजून काढीन." एक दिवस मी त्याच दारानं जी निघाले, ती माहेरी आले. परत गेले नाही आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही.

तेव्हापासून मी काळूरामकडे, माझ्या भावाकडे असते. अक्षदा ही त्याची पोरगी. बारावी झाली, शहापूरला जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि येताना तोंड घेऊन आली. तिच्या लग्नाचं बोलणं निघायच्या आदल्या वर्षी आमच्या गावचा ट्रान्सफॉर्मर जळला. तसंही दिवसाकाठी थोडीच लाइट यायची, आता तीही गेली. गिरणी बंद पडली, दळायला डोळखांबला पायपीट सुरू झाली. लाइटीच्या ऑफिसातला साहेब दर खेपेला म्हणायचा, वरून येईल तेव्हा येईल. मग अक्षदानं गावातल्या बाया गोळा केल्या, अडगळीतली जाती टेम्पोत घातली आणि नेऊन ऑफिसच्या व्हरांड्यात मांडली. आम्ही तिथे बसून नाचणी दळली. दळता दळता साहेबाच्या नावानं ओव्या गायल्या. त्याची सासुरवाडी, त्याचा मेव्हणा, त्याची ढेरी, काही सोडलं नाही. पीठ उडून फायलींवर बसलं, येणारे-जाणारे थांबून ऐकायला लागले. आठवडा उलटायच्या आत ट्रान्सफॉर्मर आला. गाव खूश झालं. काळूराम तेवढा डोक्याला हात लावून बसला, "आता हिला कोन करनार?"

करणारा आला तो थेट मस्कतहून. वाशिंदच्या राघोचा धाकटा, हरेश. एसीच्या कामावर गेला होता, सहा वर्षांत सुपरवायझर झाला होता. आता कंपनी फ्लॅट देणार होती आणि बायकोला नेता येणार होतं. पोरगी बघायला आला तेव्हा त्यानं तिला एकच प्रश्न केला.

"ते जात्याचं खरं हाय काय?"

"खरं हाय. तुमाला काय त्याचं?"

तो मोठ्यानं हसला. मला तो तेव्हाच बरा वाटला. फक्त त्याला एक खोड होती. ज्या त्या गोष्टीवर म्हणायचा, 'तिकडं'. जीप खड्ड्यात आपटली, की "तिकडं रस्त्यावर भात सांडून जेवा." विहिरीवर हंड्यांची रांग दिसली, की "तिकडं सगळा वाळवंट, पन नळ सोडला की पानी. इथं उशाला धरणं नि बायांच्या डोक्यावर हंडे." सरकारी दवाखाना दिसला, एसटी दिसली, कचरा दिसला, की तिकडं. त्याचं एकही बोलणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी दोन शब्दांत उडवून लावलं असतं. खरं होतं म्हणूनच डोक्यात जायचं.

वैशाखात घर बघायला जायचं ठरलं. काळूरामनं जीप सांगितली, चार भाऊबंदांना सांगितलं. मी विचारलं, "कुठलं घर बघायचं?"

"कुठलं म्हंजे? वाशिंदचं."

"पोरगी राहनार मस्कतला नि घर बघायचं वाशिंदचं? उद्या बैल घ्यायचा झाला तर शेळीचे दात बघशील काय रे?"

"मग काय मस्कतला जीप नेऊ? रीत म्हंजे रीत."

गंमत बघा, एवढी माणसं होती, पण कुणालाही यात काही वावगं वाटत नव्हतं. घर बघायचं असतं म्हणून बघायचं. हरेशच्या कानावर माझं बोलणं गेलं, तर त्यानं निरोप धाडला, आत्यांना सांगा, तिकडच्या फ्लॅटचं शूटिंग करून आणलंय, सीडी लावून दाखवतो. मग तर काळूरामची छाती फुगली. दोन देशांतली घरं एका दिवसात बघणारा तो डोळखांब भागातला पहिलाच बाप होता.

निघायच्या दिवशी अक्षदा म्हणाली, "मी पन येनार."

माझी वहिनी सकुबाई घाबरीच झाली. "पोरीनं घर बघायला जायचं नसतं गो. लोक शेण घालतील तोंडात."

"राहायचं मला नि बघायचं ह्यांनी?"

भाऊबंद गुरगुरले. काळूराम ओरडला. ती कुणाला उत्तर द्यायला थांबलीच नाही, जाऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. आता तिला ओढून काढायचं म्हणजे सगळ्या आळीला तमाशा. शेवटी सकुबाईही चढली, म्हणाली, पोरगी जातेच आहे तर आई बरोबर असलेली बरी. मला मनातून इतका आनंद झाला, पण मी चेहरा कोरा ठेवला.

राघोचं घर स्लॅबचं, नवं. खाली फरशी, वर टाकी. थोरली सून सरिता गूळ-पाणी घेऊन आली. आमच्या घरची रीत अशी, की घर पसंत पडेपर्यंत तिथलं गूळ-पाणी तोंडाला लावायचं नाही. ताट मध्ये ठेवलं आणि मी आत गेले. सरिता माझ्याकडे बघून बोलत होती. मागचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून शेजारीण येऊन आमच्यासाठी जास्तीची ताटं देऊन गेली. भिंतीवर राघोच्या बायकोचा फोटो होता, हार घातलेला. ती दोन वर्षांमागे गेली होती. एवढं चांगलं घर मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. पण चांगलं असून काय उपयोग? त्यात आमची पोरगी राहणार नव्हती.

मग राघोनं सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. हरेशनं सीडी लावली. आधी समुद्र दिसला, मग काळाभोर गुळगुळीत रस्ता, मग पांढरी इमारत, लिफ्ट, एक दार, त्यावर नंबर. दार उघडून आत सोफा, थंडगार खोली, काचेची खिडकी. काळूराम प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. पुढे स्वयंपाकघर आलं. टीव्हीतल्या हरेशनं नळ सोडला आणि तसाच ठेवला. पाणी पडतंय, पडतंय, भरलेल्या भांड्यावरून वाहून जातंय. माझी वहिनी त्या पाण्याकडे डोळे लावून बसली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हंडे वाहत होती, तिच्या टाळूवर चुंबळीच्या जागी केस उगवत नाहीत. तिकडचं ते सुख काही थोडंथोडकं नव्हतं, ते मी नाकारत नाही.

फ्लॅट संपला. कॅमेरा परत त्या नंबरच्या दाराशी आला.

मी म्हटलं, "आता मागं ने."

"मागं कुठं आत्या?"

"मागचं दार दाखव."

"फ्लॅटला मागचं दार नसतं. एकच दार."

"मग शेजारच्या बाया येतात कुठनं?"

"कोन बाया? तिकडं कोन कुनाकडं जात नाय. आपलं दार लावलं की झालं. एकदम शांती. टेन्शन नाय."

"दुपारची ती एकटी असंल. तिला कुनी ओळखत नसलेल्या गावात. दार एक. किल्ली कुनाकडं?"

राघो हसला. "ठमाबाय, अहो पंधरा मजली इमारत हाय. तिथं काय परसदार नि केळी लावायच्या काय?" बाप्ये सगळे खो खो हसले. तेवढ्यात लाइट गेली.

टीव्ही काळा झाला, पंखा थांबला. हरेशनं कपाळावर हात मारला. "बघा. हे बघा. ह्याला म्हन्तात इंडिया. तिकडं सहा वर्षांत एकदा नाय गेली लाइट. एकदा नाय!"

उकाडा वाढायला लागला. सीडी चालू असती तर सगळे बघत बसले असते, आता एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अक्षदा आईच्या मागे बसली होती, ती पुढे सरकली. मला वाटलं, माझी बाजू घेऊन बोलणार. पण पोरगी आधी माझ्यावरच फिरली.

"आत्या, तुझं मागचं दार तुझ्या कामी आलं. तुला धोंडूबाई मिळाली. पन मला त्या दारानं काय मिळतं? मी दोरीवर नवा ड्रेस वाळत घातला की आळीला खबर. मोबाइलवर हसून बोलली की आईकडं चुगली. त्या दारानं मदत येते तशीच बोलनी पन येतात. मला कवा कवा वाटतं, जावं कुठंतरी, दार लावावं नि कुनी बघू नये. ह्यांच्या फ्लॅटचं मला भ्या वाटत नाय."

मला झोंबलं. बाहेरच्या माणसांत तिनं असं बोलावं? पण खोटं काय बोलली होती ती? काळूरामचा चेहरा मात्र खुलला. त्यानं गूळ-पाण्याच्या ताटाकडे हातही नेला.

"थांबा दादा," अक्षदा बापाला म्हणाली आणि हरेशकडे वळली. "पन तिचं एक बरोबर हाय. निघायचं झालं तर निघता यायला पायजे. मला तिथनं एकटीला घरी यायचं झालं, आई आजारी पडली म्हना, नायतर तुमचंमाझं बिनसलं म्हना, तर काय करायचं?"

"विमानात बसायचं. चार तासांत घरी. डोळखांबला पोचायला त्याहून जास्ती लागतो टाइम."

"नि माझा पासपोर्ट कुनाकडं असंल?"

"तो... ऑफिसात. तिथं सेफ राहतो."

"माझा पासपोर्ट तुमच्या कंपनीच्या ऑफिसात?"

"फॅमिलीचा पन ठेवून घेतात. सगळ्यांचाच ठेवतात. सिस्टिम हाय तिकडची."

"म्हंजे तुमचा?"

हरेश पंख्याकडे बघायला लागला. पंखा तर बंद होता.

"माझा पन," तो म्हणाला. "सुट्टीला निघताना देतात. पोचलो की विमानतळावरच कंपनीचा मानूस हात पुढं करतो."

हे ऐकून राघो सरसावून बसला. लाइट गेल्यापासून तो हसऱ्या तोंडानं पुठ्ठा हलवून सगळ्यांना वारा घालत होता, त्याचा हात तसाच थांबला. "म्हंजे तुझ्या हातात नसतो? तुला यायचं झालं तर मागावा लागतो?"

"हां."

"नि नाय दिला तर?"

राघोनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि मग पोराकडे.

"तुझी आई गेली तेवा तू मागितला व्हतास?"

"मागितला व्हता बाबा. साह्यब म्हनाला, साइटचं काम संपू दे. रोज जाऊन उभा राहायचो. शेवटी म्हनाला, आता तर जाळलंच असंल, आता जाऊन काय करनार."

सरिता दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. तो आईच्या मौतीला आला नव्हता हे मला ठाऊक होतं. वाशिंदपासून डोळखांबपर्यंत लोक बोलले होते, धाकट्याच्या हातचं पाणी आईला मिळालं नाही, पैशापुढे आई दिसली नाही. आणि हा पोरगा सुट्टीला आल्यावर तेच टोमणे खाली मान घालून ऐकून घेत होता आणि वर 'तिकडं, तिकडं' करत होता. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली.

"मी लोकांना सांगत फिरलो, विमान मिळालं नाय," राघोचा आवाज फुटला. "नि मनात मलाच वाटायचं, माझ्या पोरालाच यायचं नव्हतं. दोन वर्सं मी तुला मनातनं शिव्या दिल्या रे. बोलायचास की."

"काय बोलनार? लोक म्हनले असते, मग कशाला जातोस गुलामी करायला." तो एकदम चिडून आमच्याकडे वळला. "पन पगार वेळेवर मिळतो ना! लाइट, पानी, दवाखाना, कशाचा म्हनून त्रास नाय. हे घर कशावर उभं हाय? ही फरशी कुठनं आली? इथं राहिलो असतो तर गोडाउनात हमाली केली असती."

त्याचंही खरं होतं.

अक्षदानं शांतपणे विचारलं, "तिकडं लाइट गेली तर?"

"जात नाय, सांगितलं ना."

"समजा गेली. नायतर पगार थांबला. तर चार मान्सं जमवून ऑफिसात जाऊन बसता येतं?"

हरेश कडू हसला. "दोघं जरी मिळून साह्यबाकडं गेलो ना, दुसऱ्या दिवशी दोघांला विमानात बसवतात."

"तेवा मिळतो वाटतं पासपोर्ट?"

तिनं हे इतकं सरळ विचारलं, की आमच्यातला एक म्हातारा फसकन हसला. हरेशलाही हसू आलं आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "हां," तो म्हणाला. "तेवा लगेच मिळतो."

मग राघो घरमालक म्हणून सावरला. डोळे पुसून त्यानं मला रीतीचा प्रश्न विचारला, "ठमाबाय, बघितलं तेवढं बघितलं. घर कसं वाटलं ते सांगा, म्हंजे पुढचं बोलता येईल."

मी इतकी घरं बघितली, पण माझ्यासमोर उत्तर तयार नाही असं कधी झालं नव्हतं. 'नापसंत' म्हणणं सोपं होतं. म्हणायचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. मी म्हटलं, "राहनारी इथं बसली हाय. तिला विचारा."

काळूराम दातओठ खात माझ्याकडे बघत राहिला. अक्षदा म्हणाली, "घर नाय पसंत. पोरगा पसंत हाय."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा! काळूराम तिच्यावर धावून आला, भाऊबंद 'काळ आला, काळ' करत उठले, सकुबाई रडायला लागली. त्या सगळ्यांच्या वरताण आवाज काढून हरेश म्हणाला, "म्हंजे मी काय करू? सोडून येऊ सगळं? इथं हाय काय?"

"इथं काय नाय," अक्षदा म्हणाली. "पानी नाय, लाइट नाय, रस्ता नाय. मी कवा म्हटलं हाय म्हनून? मी काय देशाची आरती ओवाळायला नाय आली. पन इथं मी साह्यबाच्या तोंडावर त्याला सांगते, तुझं चुकलं, नि सांजच्याला माझ्या घरात माझ्या पायानं येते. मला कुनी उचलून कुठं टाकत नाय. हे एवढंच माझ्याकडं हाय नि ते मी नळाच्या पान्यावर देनार नाय. तुमी यायचं की राहायचं, ते तुमचं तुमी बघा. मी यायला सांगत नाय. पन ज्या घरात नवराच अडकलाय, तिथं मी नांदायला येनार नाय."

आम्ही गूळ-पाणी न घेता उठलो. राघो जीपपर्यंत पोचवायला आला.

परतीच्या वाटेवर काळूराम आटगाव येईपर्यंत आम्हा दोघींना शिव्या घालत होता. असं स्थळ पुन्हा सात जन्मांत येणार नाही, ठमीनं स्वतःचं मोडलं, आता पोरीचं मोडलं. मी दोन-चार उत्तरं दिली, तेवढ्यात शेजारी सकुबाई खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "पानी किती येत व्हतं गो."

सुट्टी संपली आणि हरेश मस्कतला गेला. जाताना भेटला नाही, निरोप नाही. गावात माझ्या नावाची दवंडीच पिटली गेली. मी विहिरीवर गेले की बाया गप्प व्हायच्या. एकजण म्हणाली, आता ठमीला घर बघायला कोण नेतंय बघू. मी म्हटलं, नका नेऊ, तुमच्या पोरी तुमच्या पायानं जाऊन बघतील, वाट आता पडली आहे. तोंडानं मी असं बोलायचे, पण आतून मला भीती वाटत होती. अक्षदा जेवायची, कामं करायची, आणि शेतात फोन वाजला की तिचा हात आधी जायचा. तिला तो आवडला होता. तिनं ते चारचौघांत सांगितलं होतं आणि तो निघून गेला होता. त्याहून वाईट काय असतं?

आषाढात आवणी सुरू होती. सगळं घर चिखलात होतं, रोपं लावत. आमच्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती आमच्या शेताच्या बांधावर, म्हणून काळूरामचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावरच्या काठीला अडकवलेला असतो. दुपारी तो वाजला. मी बांधाजवळ होते. माझे हात राड झालेले, तसेच पदराला पुसून फोन उचलला, आणि कुठलं तरी बटण दाबलं गेलं, तर आवाज सगळ्या शेताला ऐकू यायला लागला.

"हॅलो, मी हरेश. अक्षदा हाय काय?"

ती चिखल तुडवत आली. हात माखलेले, म्हणून मीच फोन तिच्यापुढे धरून उभी राहिले. इरल्यातून पाणी गळत होतं. सगळ्यांचे हात थांबले.

"बोल," ती म्हणाली. वाशिंदला 'तुमी' म्हणत होती, आता 'तू' कधी आलं ते तिलाही कळलं नसेल.

"विमानतळावर कंपनीचा मानूस आला व्हता. पासपोर्ट मागितला. मी नाय दिला."

"मग?"

"साह्यबानं बोलावलं. सगळ्यांच्या समोर. मी बोललो, माझी आई गेली तेवा तुमी दिला नाय, आता हा माझ्या खिशात राहनार. माझा आवाज चढला गो. पगार थांबवलाय. कामावर घेत नायत. परत धाडू म्हन्तात."

बांधाच्या पलीकडून काळूराम ओरडला, "माफी माग म्हनावं! अजून टाइम हाय, माफी माग म्हनावं त्याला!" सकुबाईनं त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याला हात धरून बसवलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"आयकू आलं काय?" हरेश म्हणाला. "आनखी दोघांनी आपापला मागितलाय. एक केरळचा हाय, एक नेपाळी. आता तिघं आहोत."

अक्षदानं कोपरानं तोंडावरचं पाणी पुसलं. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर म्हणणार, ये बाबा परत. मी फोन आणखी जवळ नेला.

"जेवलास काय?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग आधी जेव. त्या दोघांला पन जेवायला घाल. नि उद्या तिघं मिळून जा."